मदत हवी आहे: छापलेला बेंड सेन्सर सरळ केल्यावरही मूळ आकड्यावर येत नाही

मंडळी, बोट किती वाकलं हे ओळखणारा हातमोजा करतोय. पट्टी साध्या टीपीयूची (रबरासारखं लवचिक प्लास्टिक), तिच्या पोटात कार्बन ब्लॅक (वीज वाहणारी काजळीसारखी पूड) भरलेल्या टीपीयूचा नागमोडी ट्रेस, म्हणजे वीज वाहणारी रेघ. दोन नोझलच्या थ्रीडी प्रिंटरवर एकाच जॉबमध्ये छापली. नोझल ०.४ मिमी, थर ०.२ मिमी.

सपाट पट्टी ३८ किलोओहम रेझिस्टन्स दाखवते, वाकवली की ४२. सरळ केली की ४०, आणि तिथून रडतखडत खाली येते. म्हणजे सिग्नल चारचा आणि घोळ दोनचा! भरीला मीटर जोडणाऱ्या क्रोकोडाइल क्लिपला नुसता धक्का लागला तरी आकडा उडतो.

फिलामेंट (छपाईची प्लास्टिकची दोरी) ५५ अंशांवर सहा तास सुकवलं. छापताना नोझलमधून प्लास्टिकचे बारीक धागे सुटायचे थांबले, आकडे मात्र तसेच. चूक छपाईत आहे की मटेरियलच असं आहे?

प्रतिसाद १:
आधी क्लिप फेका. तांब्याची बारीक तार सोल्डरिंग आयर्नने तापवून ट्रेसमध्ये रुतवा, वरून वीज वाहणारा सिल्व्हर पेंट. जमलं तर चार तारांनी मोजा: बाहेरच्या दोनांतून ठरावीक करंट, आतल्या दोनांवर व्होल्टेज. सांध्याचा रेझिस्टन्स मोजमापातून जातो.

मागे रेंगाळणं मटेरियलचंच. ताणल्यावर कार्बनकणांच्या साखळ्या तुटतात आणि पॉलिमर सैलावेल तशा सावकाश जुळतात. वापरण्याआधी शंभरेक वेळा वाकवून घ्या. पहिल्या काही फेऱ्यांतला मोठा फरक निघून जातो, उरलेला सोसावा लागतो.

प्रतिसाद २:
'पोटात' म्हणजे जाडीच्या मधोमध का? मग सिग्नल येणार कुठून! वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, मधला पापुद्रा जवळपास जिथल्या तिथे. ट्रेस बाहेरच्या पृष्ठभागाजवळ न्या. मागे रेंगाळणंही त्या प्रमाणात वाढेल, पण सांध्यांचा गोंधळ सिग्नलखाली दबेल. दोन्ही बाजूंना एकेक ट्रेस ठेवून फरक घेतलात तर तापमानाने होणारा बदलही बराचसा वजा होईल.

धागाकर्ता:
हो, अगदी मधोमध. घासून खराब होऊ नये म्हणून मुद्दाम तिथे ठेवला होता, आणि आठवडाभर दोष फिलामेंटला देत बसलो. तारा रुतवल्या, आकडा उडायचा थांबला. आता ट्रेस वर घेतोय. त्यावर संरक्षणाला साध्या टीपीयूचा एकच थर पुरेल, की वाकून वाकून सुटेल?