कावीळ ‘उतरली’, नळी ‘तुंबली’ : पित्तनलिकेतल्या स्टेंटसाठी घरात बोलायचे शब्द

मूळ प्रश्न

माझ्या मामांना स्वादुपिंडाच्या डोक्याशी कर्करोगाची गाठ निघाली. डोळे हळदीसारखे पिवळे, रात्रभर अंगाला खाज, लघवी गडद, रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) 18. डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून स्टेंट टाकू. मामी लगेच म्हणाली, “डॉक्टर, यांचं हृदय तर चांगलं आहे की!” आमच्याकडे स्टेंट म्हणजे हृदयातली स्प्रिंग, दुसरा अर्थ कुणाला ठाऊकच नाही. मग संमतिपत्रक पुढे आलं : ‘पित्तमार्गातील अवरोधाच्या उपशमनार्थ अंतर्दर्शी स्टेंट प्रस्थापना’. मामी सातवीपर्यंत शिकली आहे. तिने दोनदा वाचलं, सही केली आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, “म्हणजे गाठ काढणार ना?”

तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून जात नाही. मराठीतच लिहिलेलं होतं आणि तरी तिला कळलं नाही. या शब्दांना घरात बोलता येतील असे शब्द सुचवा. आणि ‘स्टेंट’ हा शब्द मुळात आला कुठून?

प्रतिसाद

‘स्टेंट’ हे एका माणसाचं आडनाव. चार्ल्स स्टेंट हे 19व्या शतकातले लंडनचे दंतवैद्य. दातांचे ठसे घेण्यासाठी गट्टा-पर्चा (झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ) वापरत, त्यात त्यांनी 1856 मध्ये सुधारणा केली आणि तो लगदा त्यांच्याच नावाने विकला जाऊ लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात एसर या डच शल्यविशारदाने जखमींवर त्वचारोपण करताना कातडी जागेवर धरून ठेवायला तोच लगदा वापरला. तिथून ‘आतून आधार देऊन जागा उघडी ठेवणारी वस्तू’ असा अर्थ रुळत गेला. पित्तनलिकेत दुर्बिणीवाटे नळी बसवण्याची पद्धत त्यानंतर बरीच उशिरा, 1980 च्या सुमारास, जर्मनीतल्या हँबुर्गमध्ये सोहेन्द्रा या डॉक्टरांनी रूढ केली.

तेव्हा शब्दाचा हृदयाशी जन्मजात संबंध काहीच नाही. मामींना ‘पित्ताच्या वाटेतली नळी’ म्हणा, पुरे.

प्रतिसाद

ताई, मी बारा वर्षं एंडोस्कोपी विभागात सिस्टर आहे. नातेवाइकांना मी असं सांगते : “यकृतात तयार झालेलं पित्त एका नळीने आतड्यात येतं. गाठीने ती नळी दाबली आहे. पित्त तुंबलंय आणि तुंबलेलं पित्त रक्तात मिसळतंय. तोंडातून दुर्बीण घालून, आतड्यात त्या नळीचं तोंड उघडतं तिथून, दाबलेल्या जागेतून एक छोटी नळी पलीकडे सरकवायची. गाठ जागेवरच राहणार आहे.” शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणते.

‘अवरोध’ नको, ‘तुंबणे’ घ्या. गटार तुंबतं, मोरी तुंबते. हे कुणाला समजवावं लागत नाही. पुढेही तोच शब्द कामी येतो, कारण बसवलेली नळीसुद्धा तुंबते. प्लास्टिकची नळी जेमतेम तीन मिलिमीटर रुंद, ती साधारण तीन महिन्यांनी बदलावी लागते. धातूची जाळी मिटवून आत नेतात, सोडली की आपोआप उघडते, आठ-दहा मिलिमीटर होते आणि जास्त दिवस टिकते. नळी तुंबली की थंडी वाजून ताप येतो, डोळे पुन्हा पिवळे होतात. तेव्हा घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दोन शब्द मात्र जपून वापरा. ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की लोकांना पोटावरची तीन भोकं आठवतात, म्हणून ‘तोंडातून’ हा शब्द कधी गाळू नका. दुसरा शब्द ‘पित्त’. आंबट ढेकर आली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. एका आजोबांनी मला विचारलं होतं, “एवढ्यासाठी नळी कशाला, कोकम सरबत पितो की!” तेव्हापासून मी कोंबडीचं उदाहरण देते : साफ करताना पित्ताची पिशवी फुटली की सगळं मटण कडू होतं, ते पित्त. मग चेहऱ्यावर लगेच दिसतं की समजलं.

प्रतिसाद

वैद्यकीचा विद्यार्थी म्हणून भर घालतो. वाट अडून झालेली कावीळ आपल्या परंपरेला नवी नाही. चरकसंहितेत, पांडुरोगाच्या अध्यायात, कामलेचा, म्हणजे काविळीचा, एक प्रकार आहे, त्यात मळाचं वर्णन ‘तिलपिष्टनिभ’, म्हणजे तिळाच्या पिठीसारखा, असं केलंय आणि कारण दिलंय पित्ताचा मार्ग ‘रुद्ध’ होणं. पित्त आतड्यात उतरलं नाही की मळाला रंग येत नाही. हे निरीक्षण आजही तपासताना उपयोगी पडतं. म्हणून सिस्टरांचा ‘तुंबणे’ मला फार आवडला, त्यावरून ‘तुंबलेली कावीळ’ म्हणता येईल. पाण्यातून, खाण्यातून होणाऱ्या काविळीपासून ती लगेच वेगळी कळते.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पांढुरका मळ आम्हीही पाहिला होता, पण अर्थ माहीत नव्हता. त्यात तीन आठवडे ‘कावीळ उतरवणाऱ्या’कडे गेले. हातांवर चुन्याचं पाणी ओतायचं, ते पिवळं झालं की म्हणायचं, उतरतेय. आता स्टेंटनंतर आठ दिवसांत बिलिरुबिन 18 वरून 7 वर आलं, खाज थांबली, मामा भाकरी खायला लागले. आणि शेजारी तोच शब्द घेऊन आले : “कावीळ उतरली, सुटलात!” ताप उतरला म्हणजे बरं वाटलं, नशा उतरली म्हणजे संपली, ‘उतरली’ म्हटलं की आजारच गेला असं वाटतं. म्हणून आम्ही घरात ते वाक्य अर्धं सोडत नाही. “कावीळ उतरलीय, गाठ आहे,” असं पूर्ण म्हणतो. मामांसमोरही, कारण त्यांनीच तसं सांगितलं.

‘उपशमनार्थ’ला, म्हणजे ‘आजार बरा करायला नाही, त्रास कमी करायला’ याला, मात्र एका शब्दात पर्याय मिळाला नाही. मी मामीला असं लिहून दिलं : ‘तोंडातून दुर्बीण घालून, तुंबलेल्या पित्ताला वाट करून देणारी नळी बसवणार. याने खाज आणि कावीळ कमी होईल. गाठ निघणार नाही.’ तिने तो कागद औषधांच्या डब्यात घडी करून ठेवलाय. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तीन महिन्यांनंतरच्या तारखेखाली, स्वतःच्या अक्षरात लिहिलंय : ‘नळी बदलणे’.