मदत हवी आहे: बाबांच्या नव्या घड्याळावर ओरखडे, पॉलिश करावं की राहू द्यावं? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

बाबा वेकोलिमधून (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोळसा कंपनी) निवृत्त झाले तेव्हा आम्ही बहीण-भावांनी मिळून त्यांना ट्यूडर या स्विस कंपनीचं ब्लॅक बे फिफ्टी-एट हे स्टीलचं घड्याळ घेऊन दिलं. मुंबईहून, अधिकृत विक्रेत्याकडून, वॉरंटी कार्डासकट. आमच्या घरासाठी ही रक्कम लहान नव्हती. काही महिन्यांतच त्यावर ओरखडे आले आणि बाबांनी घड्याळ काढून कपाटात ठेवून दिलं. "होतं तसं करून आणा, मग घालतो," म्हणतात. ते पुन्हा त्यांच्या मनगटावर यावं एवढंच मला हवंय. ज्यांनी स्टीलचं चांगलं घड्याळ पॉलिश करून घेतलंय, किंवा विचार करून तसंच राहू दिलंय, त्यांनी कृपया अनुभव सांगा.

आधी काय झालंय ते सांगतो. चेनच्या क्लॅस्पवर (चेन बंद करायच्या कडीवर) बारीक बारीक रेषा आल्यात. टेबलावर हात टेकून लिहिलं, पेपर वाचला की त्या येणारच. त्यांची मला चिंता नाही. खरी पंचाईत केसच्या, म्हणजे घड्याळाच्या स्टीलच्या डबीच्या, डाव्या कुशीला आहे. या मॉडेलमध्ये चेन जिथे अडकते त्या कानांचा वरचा भाग ब्रश केलेला, म्हणजे एकाच दिशेनं बारीक रेघा ओढलेला आहे. बाजूची कूस मात्र आरशासारखी चकचकीत. दोन्हींच्या मधे एक अगदी अरुंद, तिरकी, चमकणारी पट्टी आहे. त्या चकचकीत कुशीवर पाच-सहा मिलिमीटरचा तिरपा ओरखडा आहे. नख आडवं फिरवलं की किंचित अडतं. ट्यूबलाइटखाली दिसत नाही, गॅलरीत उन्हात धरलं की लगेच डोळ्यांत भरतो. स्कूटरचं हँडल लॉक करताना मनगट जिथे घासतं तिथला असावा असा अंदाज.

काचेवरही एक करडी रेघ होती आणि बाबांना त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं होतं. पण काच सफायरची आहे. कठीणपणाच्या मोहस् मापावर सफायर 9, क्वार्ट्झ 7 आणि स्टील त्याहून बरंच खाली. स्टीलच्या कडेनं सफायरवर ओरखडा पडत नाही, उलट स्टीलच झिजून त्याचा थर काचेवर बसतो. शाळेतलं साधं पांढरं खोडरबर घेऊन हलक्या हातानं घासलं, रेघ गेली. बाबांनी भिंग घेऊन दोनदा पाहिलं, तेव्हा कुठे विश्वास बसला. कोणाच्या काचेवर असं काही दिसलं तर घाबरण्याआधी हे करून बघा.

आता घरातले सल्ले. बाबांनी नोकरीची बरीच वर्षं उमरेडच्या खाणीवर एचएमटी जनता वापरलं. त्याची काच अॅक्रिलिकची. चरे पडले की दर रविवारी टूथपेस्ट लावून कापडानं घासायची, काच पुन्हा स्वच्छ. अॅक्रिलिक मऊ असतं, त्यामुळे तिथे ते अगदी बरोबर होतं. म्हणून त्यांचं म्हणणं, यालाही टूथपेस्टच लावू. पण सफायरवर टूथपेस्टनं काहीच होत नाही, आणि ब्रश केलेल्या स्टीलवर घासली तर रेघा मिटून मधेच चकाकणारा डाग उठतो.

काकांचा सल्ला त्याहून भारी: "काहून एवढा विचार करतं? इतवारीच्या सराफ्यात घेऊन जा. बफिंग मशीनवर धरते तो, धा मिनिटांत चकाचक." आमच्या घरचे दागिने वर्षानुवर्षं तिथेच उजळले गेलेत, कारागिराच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण दागिना म्हणजे घड्याळ नव्हे. बफिंगचं चाक ओरखडा भरून काढत नाही, आजूबाजूचं धातू ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवतं. सोन्याचं वजनसुद्धा उजाळ्यात थोडं घटतं, म्हणून तर सराफ ती धूळ जपून ठेवतात. इथे धातू उतरला की कडा गोल होतात, ती तिरकी पट्टी पुसट होते, आणि एकदा गेलेली कड साध्या पॉलिशनं परत येत नाही. शिवाय घड्याळ न उघडता चाकावर धरलं तर ते तापतं आणि पॉलिशचा लगदा चावीच्या नि रिंगच्या फटीत जाऊन बसतो. नीट करणारा माणूस आधी मशीन बाहेर काढतो, केस रिकामी करून पॉलिश करतो, नवे रबरी गॅस्केट घालतो आणि पाण्याच्या दाबाची चाचणी घेतो. हे घड्याळ 200 मीटरचं आहे. बाबा पावसाळ्यातही अंबाझरीला फिरायला जातात, तेव्हा ती चाचणी मला सोडायची नाही. आणि पाच वर्षांची वॉरंटी चालू असताना बाहेर कुठे उघडायचं नाही हे तर नक्की.

माझं स्वतःचं मत आता जवळपास ठरलंय: कुशीला हात लावायचा नाही. पुढे पूर्ण सर्व्हिसिंगला जाईल तेव्हा कंपनीच्याच माणसांकडून एकदाच फिनिशिंग करून घ्यावं. केसचं धातू मोजकंच असतं, ते पहिल्याच वर्षी खर्च करू नये असं मला मनापासून वाटतं. बाबांना मात्र हे पटत नाही. म्हणून विचारतो:

धातू चमकवायचं केप कॉडचं ओलसर कापड कोणी फक्त चकचकीत भागावर वापरलंय का? नख अडणारा ओरखडा त्यानं जाणार नाही हे कळतं, पण त्याच्या कडा मऊ होऊन उन्हात कमी दिसतो का? शेजारच्या ब्रश केलेल्या भागावर टेप लावून करायचं म्हटलं, तर कोणती टेप चिकट राळ न ठेवता निघते?

चकचकीत भागावर लावायची पातळ पारदर्शक फिल्म मिळते. आपल्याकडच्या मे महिन्यात, 45 अंशांत, घामानं ती कडेला उचलली जाते का? पुण्या-मुंबईचे अनुभव इथे लागू होतीलच असं नाही, म्हणून विदर्भातल्या लोकांनी आवर्जून लिहा.

घड्याळ मुंबईला सर्व्हिस सेंटरला पाठवायची वेळ आली तर विमा काढून कुरिअर केलेलं बरं, की कोणी जाणार असेल त्याच्याबरोबर द्यावं?

भर: भराभर उत्तरं दिलीत, मनापासून आभार. क्लॅस्पसाठी भांडी घासायचा हिरवा स्कॉच-ब्राइट सुचवलात त्यांना: मूळ रेघांच्याच दिशेनं, एकाच बाजूला, अगदी हलका हात, हे समजलं. आधी एका जुन्या स्टीलच्या चेनवर हात बसवून घेतो. ज्यांचं घड्याळ काळ्या पीव्हीडी कोटिंगचं (स्टीलवर चढवलेल्या पातळ काळ्या थराचं) आहे त्यांनी मात्र हा उपाय करू नये, कोटिंग निघेल आणि घरच्या घरी पुन्हा चढवता येणार नाही.

"रोज कसं साफ करता?" असं विचारलंय. आतापर्यंत बाबा फिरून आले की रुमालानं कोरडंच पुसायचे. सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ सगळीकडे आहेच, तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात आणि ते स्टीलहून कठीण. आता चावी घट्ट फिरवून बंद करायची, कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुवायचं, मग टिपून घ्यायचं, असं ठरवलंय.

लेझर वेल्डिंगनं ओरखडा भरतात असं एकांनी लिहिलंय. धातू उतरवण्याऐवजी नवा धातू घालतात, त्यामुळे कडा शाबूत राहतात, हे बाबांनाही आवडलं. पण एवढ्याशा ओरखड्यासाठी ते करावं का, आणि भारतात ते करून घेतलेलं कोणी आहे का? असाल तर त्या भागाचा आधीचा आणि नंतरचा फोटो टाकाल का? बाबांना दाखवायचा आहे.