‘आउटलॉ मोटरसायकल क्लब’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
कॅलिफोर्नियातल्या मोटरसायकल क्लबांवरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. ‘आउटलॉ’साठी सरळ ‘गुन्हेगार’ लिहिलं आणि पुढच्याच परिच्छेदात ‘आउटलॉ क्लबातला प्रत्येक जण गुन्हेगार नसतो’ हे वाक्य आलं. तिथे अडले. ‘बेकायदा’ म्हणावं तर क्लबांवर बंदी नाही. ‘प्रॉस्पेक्ट’, ‘रॉकर’ आणि ‘पॅच’ यांनाही शब्द हवेत.

उत्तर:
ताई, हा ‘आउटलॉ’ मुळात कायद्याबद्दल नव्हताच. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशन शर्यतींना आणि क्लबांना मान्यता देते. ती मान्यता नसलेला तो ‘आउटलॉ’. १९४७च्या ४ जुलैच्या सुट्टीत हॉलिस्टर या लहानशा गावात मोटरसायकलवाल्यांनी धुडगूस घातला. ‘९९ टक्के मोटरसायकलवाले कायदा पाळतात’ असं असोसिएशन तेव्हा म्हणाली, ही गोष्ट त्यानंतर रूढ झाली. तसं निवेदन आपल्या दप्तरात नाही, असं असोसिएशन सांगते. पण उरलेला एक टक्का म्हणजे आपणच, असं या क्लबांनी ठरवलं आणि पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात ‘१%’ जाकिटावर शिवून घेतलं.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: बंडखोर. निवडणुकीत ‘अधिकृत’ आणि ‘बंडखोर’ म्हणतो ना, तसाच. त्याच्याकडे पक्षाचा एबी फॉर्म नसतो, एवढंच.

‘प्रॉस्पेक्ट’ म्हणजे उमेदवार, पण जुन्या अर्थाने. ‘काकांनी छापखान्यात दोन वर्षं उमेदवारी केली’ यातली उमेदवारी. पडेल ते काम करायचं, रात्रभर गाड्या राखायच्या, मग सगळ्यांनी होकार दिला तर पूर्ण सभासद.

उत्तर:
दादा, ‘बंडखोर’ला माझा विरोध आहे. मराठीत त्या शब्दाला मान आहे. एप्रिल २००२मध्ये नेवाडातल्या लाफलिनच्या कसिनोत हेल्स एंजल्स आणि मंगोल्स हे दोन आउटलॉ क्लब भिडले, तीन माणसं मेली. त्यांना बंडखोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘रॉकर’ म्हणजे जाकिटाच्या पाठीवरची कमानीसारखी पट्टी. वरच्या पट्टीवर क्लबाचं नाव, मध्ये चिन्ह, खाली प्रदेश. मंगोल्स १९६९मध्ये माँटेबेलोत सुरू झाले आणि त्यांनी खाली ‘कॅलिफोर्निया’ लावलं. ते राज्य हेल्स एंजल्स आपलं समजत. त्या एका शब्दावरून सत्तरच्या दशकात मुडदे पडले. म्हणून नुसतं ‘खालची पट्टी’ लिहून भागणार नाही, ‘हद्दीची पट्टी’ लिहा.

उत्तर:
‘पॅच’ला ‘ठिगळ’ कृपया नको, ठिगळ फाटक्याला लावतात. ‘पॅच’च ठेवा. हे चिन्ह केवढं मोलाचं असतं ते एका खटल्यात दिसलं. सरकारी वकिलांनी मंगोल्सच्या चिन्हाचा ट्रेडमार्कच जप्त करायला मागितला. डिसेंबर २०१८मध्ये ज्यूरीने संघटनेलाच दोषी ठरवलं, जानेवारी २०१९मध्ये जप्तीलाही होकार दिला. फेब्रुवारी २०१९मध्ये न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी जप्ती नाकारली. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला आणि अवाजवी शिक्षा, ही त्यांची कारणं.

खटला रिको या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९७०च्या अमेरिकन कायद्याखाली होता. दहा वर्षांच्या आत किमान दोन गुन्हे दाखवावे लागतात. आपला १९९९चा मोक्काही मागच्या दहा वर्षांतली एकाहून अधिक आरोपपत्रं मागतो. ‘संघटित गुन्हेगारी टोळी’ हा शब्द आपल्या कानावर बसला तो मोक्कामुळेच. तो खटल्याच्या संदर्भात वापरा, प्रत्येक क्लबाला सरसकट लावू नका. सभासदाने केलेला गुन्हा क्लबाचा कधी होतो, यावरच तर हे खटले लढले जातात.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘बंडखोर’वरचा आक्षेप पटला. पहिलं वाक्य असं केलंय: ‘असोसिएशनची मान्यता झुगारलेले, स्वतःला आउटलॉ म्हणवणारे क्लब’. पुढे ‘आउटलॉ’च ठेवते. ‘उमेदवारी’ आणि ‘हद्दीची पट्टी’ घेतली. ‘गुन्हेगार’ फक्त न्यायालयाने ठरवलं तिथे उरला, सहा ठिकाणचा काढला.