ॲनालॉग धाटणीचा ओपन सोर्स सिंथ सुचवा

षड्ज: जुन्या ॲनालॉग सिंथसारखा (विजेच्या सर्किटांतून आवाज घडवणारं वाद्य) भरदार आवाज हवाय, पण सॉफ्टवेअरमध्ये आणि ओपन सोर्स. लॅपटॉप जुना आहे, लिनक्स चालवतो. बेस आणि ब्रास पॅड (पितळी वाद्यांसारखे लांब, भरीव सूर) जास्त लागतात. नुसते प्रीसेट चाळत बसायचं नाहीये, आवाज कसा घडतो ते शिकायचंय.

निषाद: शिकायचं असेल तर डोळे मिटून ॲमसिंथ घ्या. दोन ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे), एक फिल्टर (त्यातला काही भाग कापणारा), दोन एन्व्हलप (सूर वाजताना आवाज कसा बदलत जातो ते ठरवणारे), एक एलएफओ (आवाजाला संथ हेलकावे देणारा), सगळं एकाच पडद्यावर. मशीनवर भारही पडत नाही. बेससाठी दोन्ही ऑसिलेटर सॉ-वेव्हवर (करवतीच्या दातांसारखी लहर) ठेवा, दुसऱ्याला किंचित डीट्यून करा म्हणजे सुरातून जरासा हलवा, फिल्टर २४ डीबी लो-पासवर (वरचा तीक्ष्ण भाग जोरात कापणारा) घेऊन कटऑफ, म्हणजे कापणी सुरू होते ती जागा, बराच खाली आणा. मग फिल्टर एन्व्हलपचा सस्टेन (टिकून राहणारी पातळी) शून्य करून फक्त डिके (खाली येण्याचा वेळ) फिरवत राहा. एकाच नॉबवर ठोसा देणारा बेस ते रेंगाळणारा बेस, सगळं ऐकू येतं. एवढं नीट कानात बसलं की कुठलाही सिंथ परका वाटत नाही.

गांधार: बेसबद्दल सहमत. पण ब्रास पॅडला ओबी-एक्सडी हा सिंथ हवाच. तो १९७९ च्या ओबरहाइम ओबी-एक्सवर बेतलेला आहे. मूळ वाद्यात प्रत्येक व्हॉइसचं (एका वेळी वाजणाऱ्या एका सुराचं) सर्किट वेगळं, त्यामुळे कॉर्डमधले सूर एकमेकांपासून जरासे निसटते राहायचे. त्या आवाजाची ऊब मला तरी तिथेच वाटते. ओबी-एक्सडीत या फरकासाठी वेगळे नॉब आहेत आणि प्रत्येक व्हॉइस डावी-उजवीकडे सरकवताही येतो. लिनक्सवर डिस्ट्रो पोर्ट्स या प्लगइनच्या संचात सापडेल.

षड्ज: आणि सर्ज एक्सटी? त्याचं नाव सगळीकडे दिसतं.

निषाद: उत्तम आहे. २०१८ मध्ये सोर्स खुला झाल्यापासून तो खूप वाढलाय, जुन्या धाटणीचे लॅडर फिल्टर आहेत, ओबी-एक्सडीचा फिल्टरसुद्धा त्यात आहे. पण पर्याय इतके की नवशिक्या मेनूतच हरवतो. नंतर घ्या.

षड्ज: ॲमसिंथवर बेस झकास जमला! ओबी-एक्सडीवर मात्र मोठी कॉर्ड धरली की आवाज तडतडतो.

गांधार: एचक्यू (जास्त दर्जाचा, पण मशीनवर भार टाकणारा पर्याय) बंद करा, व्हॉइस चारवर आणा. पॅडचा रिलीज (बोट उचलल्यावर आवाज विरण्याचा वेळ) लांब असेल तर आधीच्या कॉर्डचे व्हॉइसही चालूच राहतात, तोही थोडा कमी करा. तरी तडतडलं तर बफर (मशीन एका दमात तयार करतं तो आवाजाचा तुकडा) २५६ सॅम्पल करून पाहा. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल) त्याचा उशीर साधारण ५ मिलिसेकंद होतो, बोटांना जाणवत नाही.