बाबांना आत्याचा बोन मॅरो की माझा? ६४ वर्षांच्या दात्याबद्दल मदत हवी आहे

बाबांना (वय ६१) एमडीएस आहे. बोन मॅरो धड रक्त बनवत नाही, दर पंधरा दिवसांनी रक्त चढवावं लागतं. आता ट्रान्सप्लांट ठरलंय. आत्याचं एचएलए (दाता जुळतो का हे ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळलं. सख्ख्या भावंडांत ही शक्यता चारात एक, त्यामुळे घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पण आत्या ६४ची. डॉक्टर म्हणाले, "मुलाचंही बघू." मी ३१, अर्धाच जुळतो.

तेव्हापासून आत्या गप्प. "माझं रक्त काय शिळं झालं?" एवढंच म्हणाली. बीपी नाही, शुगर नाही, रोज पर्वती चढते.

मी वाचलं ते असं: वयाबरोबर रक्ताच्या मूळपेशींची (स्टेम सेल, ज्यांच्यापासून सगळं रक्त बनतं) संख्या घटत नाही, उलट वाढते, पण एकेकीचा कस उतरतो. लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी बनतात, मायलॉइड म्हणजे बाकीच्या बहुतेक रक्तपेशींकडे कल जातो. पुढे 'क्लोनल हिमॅटोपोएसिस'पाशी अडलो. आत्याचा सीबीसी नॉर्मल आहे, मग ती भानगड नाही असं धरायचं का? साठीपुढचा दाता कुणाच्या घरी होता का?

प्रतिसाद १
डॉक्टर नाही, जनुकीय तपासणीच्या लॅबमध्ये आहे. सीबीसीवरून नाही कळणार. त्यात पेशी मोजतात, कुठली पेशी कुणाची लेक हे नाही बघत. तरुणपणी हजारो मूळपेशी मिळून रक्त बनवतात. मग डीएनएमटी३ए, टेट२ अशा एखाद्या जनुकात बदल झालेली पेशी वरचढ होते आणि तिचाच गोतावळा, म्हणजे क्लोन, वाढतो. हेच क्लोनल हिमॅटोपोएसिस. २०२२ साली केंब्रिजच्या गटाला पंचाहत्तरीपुढच्या मोजक्या लोकांत दिसलं की ३० ते ६० टक्के रक्त १२ ते १८ क्लोनच बनवत होते.

म्हणून लगेच आजार असं नाही. ११५ वर्षं जगलेल्या हेन्ड्रिके फान आन्डेल-स्किपर या डच आजींच्या बहुतेक पांढऱ्या पेशी शेवटी दोनच मूळपेशींपासून आलेल्या होत्या, आणि रक्ताचा आजार नव्हता! आत्याच्या रक्ताची एनजीएस तपासणी (जनुकांतले असे बदल शोधणारी) करायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. वयस्कर पण पूर्ण जुळणारा की तरुण पण अर्धा, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही.

धागाकर्ता
आभार, उद्याच विचारतो. आत्याला डच आजी सांगितल्या. म्हणाली, "बरं, पण त्यांचं रक्त घेतलं असतं का कुणी?"