मदत हवी आहे: बोराटीचा पाला नेमका कधी तोडून वाळवावा? (जत, सांगली)

मंडळी, जत तालुक्याच्या पूर्व भागात आमच्या उस्मानाबादी शेळ्या आहेत, सगळ्या माळावर चरणाऱ्या. गवत दिवाळीपर्यंत टिकतं. पुढं बोराटी (रानबोरीची काटेरी झुडपं), हिवर, बाभूळ, हेकळ यांच्यावरच भागवायचं.

पावसाळ्यात बोराटी फुटते तेव्हा त्या पाल्यावर शेळ्या अशा तकतकीत होतात की पेंडीची आठवणही येत नाही. पण संक्रांत झाली की त्याच झुडपांवर दिवसभर चरून अंग धरत नाहीत. गाभण शेळ्यांची हाडं दिसायला लागतात, व्याल्यावर दूध करडाला पुरत नाही. पानही तेव्हा जाड, खरबरीत होतं. दोन-चार घास घेऊन शेळी पुढच्या झुडपाकडं निघते.

वाचून एवढं कळलंय की कोवळ्या पानात प्रथिनं जास्त असतात, पान जून झालं की तंतू आणि न पचणारं लिग्निन वाढतं, आणि पानगळीआधी झाड पानातलं नत्र-स्फुरद (नायट्रोजन-फॉस्फरस) फांदीत ओढून घेतं. त्यात टॅनिन (पानातला तुरट घटक) जास्त असलं की उरलीसुरली प्रथिनंही बांधली जातात.

राजस्थानात बोराटी ऑक्टोबर-नोव्हेंबरात छाटतात, वाळवतात आणि काठीनं झोडपून पाला वेगळा करून साठवतात. आपल्याकडं नेमका तेव्हाच परतीचा पाऊस. पाला भिजला की बुरशी ठरलेली. थांबावं तर पान जून होतं. मग छाटणी कधी धरायची? वाळवल्यावर टॅनिन उतरतं का? गावातले म्हातारे सांगतात, बोरं लागल्यावर बोराटीला हात लावू नये. त्यात पाल्यापेक्षा बोरांचीच काळजी जास्त असावी असा माझा संशय आहे.

माणदेशी_गडी: दादा, महिन्यावर जाऊ नका, शेंडा बघा. शेंडा मऊ आहे आणि खालची पानं पूर्ण भरलीत, तेव्हा छाटा. नुसतं कोवळं तोडलं तर वाळून मूठभर राहतं. सगळं झुडूप एकदम बोडकं करू नका, अर्धं यंदा, अर्धं पुढच्या साली. पाला सावलीत, पत्र्याखाली पसरा. कडक उन्हात हिरवेपणा जातो आणि त्याबरोबर कॅरोटीनही.

शेळीपालक_खटाव: वाळवल्यानं टॅनिन थोडं उतरतं, जात नाही. पण सगळं टॅनिन वाईट नसतं. थोडं असलं तर प्रथिनं पहिल्या पोटात वाचतात आणि पुढं आतड्यात कामी येतात. नुसता पाला घालू नका, कडब्याच्या कुट्टीत मिसळा. कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्केच. पोटातल्या जंतूंना काम करायला चाऱ्यात निदान सात टक्के तरी लागतात, ती तूट पाला भरून काढतो. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा घालत असाल तर भरडून घाला. सकाळी गोठा झाडताना अख्ख्या बिया पडलेल्या दिसतात ना? तेवढी प्रथिनं केरात गेली म्हणायची.

धागाकर्ता: बियांचं अगदी खरं, केरसुणीला ढीग लागतो. आणखी एक विचारतो. उन्हाळ्यात दोन-तीन शेळ्या भिंत चाटतात, एक तर माळावरचं हाड चघळत बसते. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

शेळीपालक_खटाव: असू शकतो. झाडपाल्यात चुना (कॅल्शियम) भरपूर, स्फुरद कमी, आणि पान जून झालं की ते अजून घटतं. हाड चघळणं ही बहुतेकदा स्फुरदाचीच भूक. खनिज मिश्रण चालू करा, गाभणींना गव्हाचा कोंडा द्या, त्यात स्फुरद चांगलं असतं. आणि ते हाड आधी काढून घ्या, कुजक्या हाडातून विषबाधा होते.

माणदेशी_गडी: तुम्हाला रांजणीचं मेंढी-शेळी महामंडळाचं प्रक्षेत्र जवळ पडेल, तिथं एकदा विचारा. पाला तपासायचाच असेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. न्यायचा झाला तर भाद्रपदातला आणि माघातला असे दोन नमुने न्या, एकाच झुडपाचे.

धागाकर्ता: भाद्रपदातला वाळवून ठेवतो. कागदी पिशवीत ठेवला तर चालेल ना, की कापडी लागेल?