मदत हवी आहे: लिंकन एमकेझी घेऊ का? (तातडीचं)

अटकमटक:
डीलरने उद्या दुपारपर्यंतच गाडी धरून ठेवलीय, त्यामुळे पटापट सांगा. जुनी लिंकन एमकेझी (फोर्डचीच, पण आलिशान सेडान) चालवून आलो. लेदर, मोठ्ठं काचेचं छप्पर, आत चिडीचूप शांतता. किंमत बजेटात बसतेय. घेऊ की नको? आणि कृपा करून 'टोयोटाची कॅमरी घे' म्हणू नका, ते ऐकवायला घरात सासरे आहेत.

उंटावरचा_शहाणा:
कुठल्या सालची? मैल किती? इंजिन कुठलं? राहता कुठे? डीलर काय सांगतोय ते आम्हाला स्वप्नात दिसणार का?

अटकमटक:
२०१८. अठ्ठावन्न हजार मैल. न्यू जर्सी. झालं?

मधली_आळी:
सासरे बरोबर सांगताहेत. कॅमरी नको तर लेक्सस ईएस ३००एच बघा. आमच्याकडे दोन आहेत, तेल बदलण्यापलीकडे खर्च नाही. लिंकन म्हणजे फोर्ड फ्यूजनलाच पैठणी नेसवलीय.

बॉनेटबहाद्दर:
@मधली_आळी, मग लेक्सस कोणाची, तेही सांगा की. टोयोटाचीच ना! फ्यूजनचा सांगाडा वाईट नव्हताच. उलट जुनी गाडी घेणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं, इंजिन-सस्पेन्शनचे बरेच भाग फ्यूजनचे चालतात.

@अटकमटक, इंजिन अजून सांगितलं नाहीत. २०१८ मध्ये तीन प्रकार होते: २.० लिटर टर्बो (२४५ हॉर्सपॉवर), ३.० लिटर व्ही-६ ट्विन टर्बो (ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ४००) आणि हायब्रिड (पेट्रोल अधिक बॅटरी). २.० टर्बो असेल तर जपून. त्या काळातल्या फोर्डच्या २.० इकोबूस्टमध्ये (हेच टर्बो इंजिन) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, सिलिंडरमध्ये शिरायची तक्रार आहे. खाली एक थेंब दिसत नाही, पण कूलंटच्या टाकीतली पातळी उतरत जाते, सकाळी थंड इंजिन चालू केलं की अडखळतं, मागून पांढरा धूर. दुरुस्ती म्हणजे जवळजवळ नवं इंजिन. पॉवरट्रेनची वॉरंटी सहा वर्षं किंवा ७० हजार मैल, जे आधी होईल ते. म्हणजे २०१८ वर आता भरवसा ठेवू नका.

ओहायोची_हवा:
एवढं घाबरवू नका हो. प्रत्येक गाडीत होतं असं नाही. माझ्या भावाकडे हेच इंजिन आहे, लाखाच्या वर मैल झाले.

बॉनेटबहाद्दर:
भावाची गाडी चालली म्हणून यांची चालेल? रोज सकाळी कूलंट कोण बघणार?

परतीची_वाट:
विषय निघालाच आहे तर: आम्ही पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परततोय. इथली गाडी घेऊन जाता येते का?

उंटावरचा_शहाणा:
नाही. जुनी गाडी भारतात आणायची तर स्टिअरिंग उजवीकडेच लागतं. वेगळा धागा काढा.

अटकमटक:
इंजिनचं विचारलं नाही मी डीलरला. पण साउंडप्रूफिंग जबरदस्त आहे. पार्किंगमधून बाहेर पडेपर्यंत इंजिनचा आवाजच आला नाही. सुरू झालीय की नाही तेच कळेना.

कोपऱ्यातली_खिडकी:
अहो, ती हायब्रिड आहे!! बॅटरीवर चालत होती, साउंडप्रूफिंग कसलं!

अटकमटक:
हो, कागदावर हायब्रिड लिहिलंय. आत्ता पाहिलं. म्हणजे काही फरक पडतो का?

बॉनेटबहाद्दर:
फरक पडतो का म्हणे! हायब्रिडचं २.० इंजिन वेगळं, त्याला टर्बो नाही. कूलंटचं वर लिहिलेलं सगळं तुमच्या गाडीला लागू नाही. हे पहिल्याच वाक्यात यायला हवं होतं.

ओहायोची_हवा:
मग अर्धा धागा आपण कोणाच्या गाडीबद्दल भांडलो?

मधली_आळी:
हायब्रिडच घ्यायची तर टोयोटाचीच. फोर्डने एमकेझी हायब्रिडला गॅलनमागे ४५ मैलांचा दावा केला होता, २०१४ मध्ये स्वतःच ३८ वर आणला.

बॉनेटबहाद्दर:
तो आकडा २०१३-१४ च्या गाड्यांचा. २०१८ ला अधिकृत आकडा चाळिसाच्या आसपास आहे, टर्बोपेक्षा पुष्कळ बरा. आणि लिंकन तेव्हा हायब्रिडचे टर्बोपेक्षा जास्त पैसेही घेत नव्हती.

कोपऱ्यातली_खिडकी:
कोणीच डिकीबद्दल बोलत नाहीये. हायब्रिडची बॅटरी मागे बसवलीय. टर्बोला १५ घनफुटांहून थोडी जास्त जागा, हायब्रिडला जेमतेम ११. तुमच्याकडे आईवडील किंवा सासूसासरे येतात का? नुअर्क विमानतळावरून तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा आणायच्या असतील तर दुसरी गाडी न्यावी लागेल. आमच्याकडे प्रत्येक वेळी याच कारणावरून वाद होतो.

बाकी गाडी छान आहे. गिअरचा दांडा नाही, स्क्रीनशेजारी बटणं आहेत. पाहुणा चालवायला बसला की पाच मिनिटं शोधत बसतो.

अटकमटक:
येतात ना! दर उन्हाळ्यात. डिकी उघडूनच पाहिली नाही मी.

ओहायोची_हवा:
एक मात्र खरं, गाडी बंद झालीय. शेवटची एमकेझी जुलै २०२० मध्ये मेक्सिकोतल्या हर्मोसियोच्या कारखान्यातून निघाली, आणि त्याच वर्षी लिंकनची कॉन्टिनेंटलही बंद झाली, त्यानंतर लिंकनची नवी सेडान अमेरिकेत आलीच नाही. विकताना भाव मिळणार नाही.

बॉनेटबहाद्दर:
म्हणूनच आत्ता स्वस्तात मिळतेय! दहा वर्षं वापरणार असेल तर विकायच्या भावाचं काय घेऊन बसलात. काळजी कराच तर फक्त एमकेझीलाच असलेल्या भागांची: दिवे, ते सरकणारं काचेचं छप्पर, आपोआप कडक-मऊ होणारे शॉक अॅब्सॉर्बर.

@अटकमटक, आज रात्री व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) घ्या आणि एनएचटीएसए या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉल (कंपनीने दोष काढायला गाड्या परत बोलावणं) तपासा. २०१४ ते २०१८ च्या फ्यूजन आणि एमकेझीला स्टिअरिंग व्हीलचा बोल्ट सैल होण्याचा मोठा रिकॉल होता, दुरुस्ती फुकट असते. हायब्रिडच्या भागांना आठ वर्षं किंवा एक लाख मैल वॉरंटी. पहिल्या विक्रीची तारीख विचारून ती उरलीय की संपलीय ते बघा. आणि उद्या बाहेरच्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय सही नाही.

अटकमटक:
फोन केला. डीलर म्हणतो, गाडी बाहेर न्यायला परवानगी नाही, त्यांच्याच गॅरेजमध्ये तपासून देतात.

उंटावरचा_शहाणा:
मग नमस्कार करा आणि निघा. ही नाही तर दुसरी मिळेल.

मधली_आळी:
+१. ईएस ३००एच. व्यक्तिगत निरोप करते.

परतीची_वाट:
वेगळा धागा काढला, कोणी फिरकलं नाही. डावं स्टिअरिंग उजवीकडे बसवून देणारं कोणी पुण्यात आहे का?